सरकत्या डोंगराची वाकळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. आमच्या तळकोंडात तसली मोजदाद कुणी ठेवत नाही. इथे ‘वळण बांधलं त्याच्या आधी’ आणि ‘वळण बांधलं त्याच्या नंतर’ असे दोनच काळ आहेत, आणि ही गोष्ट त्या दोहोंच्या बरोबर मधली आहे. माझ्या आजीनं त्यातली काही डोळ्यांनी पाहिली, काही कानांनी ऐकली. आजी खोटं बोलायची नाही. थोडा मीठमसाला लावायची, पण तो आमटीलाही लागतोच.

तेव्हा तळकोंड डोंगरांच्या ओंजळीत बसलेलं होतं. आजही तिथेच बसलंय, जाणार कुठे? बाहेरच्या जगाकडे जायला एकच वाट होती. ती खिंडीपर्यंत चढायची आणि पलीकडे कातळवाडीला उतरायची. चढणीच्या मध्यावर एक मोठं वळण होतं. वळणाच्या एका अंगाला दरी आणि दुसऱ्या अंगाला भलामोठा, लालसर डोंगर. त्याला लोक सरकता डोंगर म्हणत.

पूर्वी तो सरकत नसे. पण बैलगाडीच्या वाटेची मोटारीची सडक करायचं ठरलं, कुदळी चालल्या आणि डोंगराची कूस कापली गेली. तिथलं गवत गेलं, करवंदीच्या जाळ्या गेल्या, आतली लाल माती उघडी पडली. तेव्हापासून पाऊस लागला की डोंगर हळूच पुढे यायचा. रागानं नाही, गडगडाट करून नाही. झोपेत माणूस बिछान्याच्या कडेला येतो ना, तसा. सकाळी उठून बघावं तर सडक मातीखाली. मग पाऊस सरेपर्यंत तळकोंड एकीकडे आणि जग एकीकडे. असं म्हणतात, त्या दिवसांत वळणावर कान दिला तर डोंगराचे दात वाजलेले ऐकू यायचे.

त्या गावात धुरपा नावाची एक बाई होती. उंच, काटकुळी, बोलायला फटकळ. ती वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक घालायचे, दाभण आणि जाड दोरा घेऊन टाके मारत जायचं, की झाली वाकळ. तळकोंडात तेव्हा धुरपेच्या वाकळेशिवाय कुणाला झोप लागायची नाही. तापानं फणफणलेलं पोर तिच्या वाकळेखाली घातलं की सकाळी भाकरी मागायचं, असं म्हणतात. पाटलाच्या घोरण्यावर मात्र तिचा इलाज चालला नाही, एवढं पाटलीणबाई शेवटपर्यंत सांगत.

धुरपेचा नवरा सिदबा. एका पावसाळ्यात त्याचा बैल चुकला, तो शोधायला म्हणून तो वळणाकडे गेला आणि डोंगर त्याच वेळी पुढे आला. सिदबा सापडला नाही. मातीवर त्याचं काळं घोंगडं तेवढं पसरलेलं सापडलं, जणू कुणी वाळत घातलंय. धुरपा साऱ्या गावाला वाकळा शिवून द्यायची, पण स्वतः ते घोंगडंच पांघरायची. उन्हाळ्यातसुद्धा.

तिला एकच लेक होती, हौसा. हौसा खिंडीपलीकडे कातळवाडीला दिली होती. सासरी सासू नाही, जाऊ नाही, नुसती पुरुषमाणसं आणि म्हशी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, थंडीच्या अखेरीला निरोप आला की हौसाला दिवस गेलेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. पण कातळवाडीच्या त्या घरची आणखी एक रीत होती. सातव्या महिन्यात सुनेची ओटी भरल्याशिवाय तिनं माहेरचा रस्ता धरायचा नाही. आणि सातवा महिना येत होता आषाढात. आषाढात वळण बंद. आदल्याच पावसाळ्यात तळकोंडची एक माहेरवाशीण अशी पलीकडे अडकली होती, तिच्याजवळ शेवटी कुणी बाईमाणूस नव्हतं, आणि ती पुन्हा कुणाला दिसली नाही. धुरपेनं निरोप आणणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवला, त्याला हसून वाटेला लावलं आणि मग दाराआड जाऊन रडली. तिला एवढंच हवं होतं की येत्या आषाढात वळण उघडं राहावं.

त्याच सुमाराला गावात ओव्हरसियर आले. मोहोळकर त्यांचं नाव. गोल चेहरा, डोक्यावर टोप, आणि सारखं शिंकायची सवय. त्यांनी वळणावर भिंत घालायचं काढलं. नदीकाठी लाकडी साचे मांडले, वाळू, खडी आणि सिमेंट कालवून त्यात ओतलं आणि सिमेंटचे ठोकळे पाडायला सुरुवात केली. प्रत्येक ठोकळ्याला खाली खाच आणि वर उंचवटा, म्हणजे एकावर एक बसले की हलायचे नाहीत. गावातली पोरं ते ठोकळे रांगेनं वाळत घातलेले बघून म्हणायची, साहेबांनी राक्षसासाठी गूळ पाडलाय.

पण नुसत्या ठोकळ्यांनी डोंगर थांबत नाही, हे मोहोळकरांना कळत होतं. ते म्हणायचे, “ठोकळे म्हणजे नुसतं दार आहे. मागची माती आवरली पाहिजे.” त्यासाठी त्यांनी लोखंडाच्या लांब पट्ट्या मागवल्या होत्या. मातीचा एक थर, त्यावर पट्ट्या, पुन्हा मातीचा थर, असं त्यांच्या डोक्यात होतं. पण तेव्हा दूरदेशी कुठेतरी लढाई पेटली होती आणि सगळं लोखंड तिकडे चाललं होतं. पट्ट्या आल्याच नाहीत. आमच्या आयाबायांना शेवटपर्यंत कळलं नाही की लढाई कुणाची कुणाशी होती. त्यांना एवढंच कळलं की तिच्यामुळे वळण अडलं.

एका दुपारी मोहोळकर वळणावर पत्रावळीवर जेवत होते. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया जवळच बसल्या होत्या, त्यांत धुरपा होती. जेवण झालं. साहेबांनी ओली माती ओंजळीनं घेऊन ढीग केला आणि त्यावर हात दाबला. ढीग फसकन पसरला. मग त्यांनी पत्रावळीची पानं सुटी केली. थोडी माती, वर एक पान, थोडी माती, वर एक पान, असा पुन्हा ढीग रचला आणि त्यावर चक्क पाय देऊन उभे राहिले. ढीग उभाच राहिला, आणि साहेबही.

धुरपा हातातली भाकरी तशीच धरून जवळ आली.

“साहेब, ही तर वाकळ झाली की.”

“म्हणजे कशी?”

“एकट्या चिंधीत काय जीव आसतोय? पर एकावर एक घाला, टाका मारा, आन् मंग वडून बघा फाटती का.”

मोहोळकर शिंकले आणि त्यांनी ढिगातलं एक पान ओढून बघितलं. त्यांच्याजवळ मातीचं गणित होतं आणि तिच्याजवळ दाभण होतं. दोघांनाही त्या क्षणी एकच भिंत दिसली, असं म्हणतात.

पण कापड आणायचं कुठून? लढाईच्या दिवसांत कापडही दुर्मीळ झालं होतं. त्यात गावात वेगळीच कुजबुज चालली होती. देवळापुढे गाव जमला तेव्हा म्हाताऱ्या खंडू गुरवानं ती मोठ्यानं बोलून टाकली.

“डोंगर मानूस मागतोय. एक दिला की गप ऱ्हाईल.”

जो तो आपल्या पायांकडे बघू लागला. अशा वेळी गाव कुणाकडे बघत नाही, कारण ज्याच्याकडे बघावं तोच ठरायची भीती असते.

धुरपा उठली. “मागंच घेतलाय की त्यानं मानूस,” ती म्हणाली. “माझाच घेतलाय. ऱ्हायला का गप?”

ती खंडू गुरवाकडे वळली.

“त्याला मानूस नगं, गुरवबाबा. त्याला थंडी वाजतीया. त्याच्या अंगावरचं हिरवं आपुन काढून घेतलं, आन् आता म्हनतोय का हलतोस? पांघरून घाला त्याला. ज्याच्या त्याच्या अंगावरचं एक कापड द्या. मानूस नगं, मानसाची ऊब द्या.”

दुसऱ्या दिवशी ती पाठीला बोचकं बांधून दारोदार फिरली. आणि लोकांनी दिलं, बाबांनो. ज्यांच्या अंगावर एक आणि दांडीवर एक होतं, त्यांनी दांडीवरचं दिलं. कुणी आईचं लुगडं दिलं, कुणी बापाचा पटका. कुणी पाळण्याची झोळी दिली, तिच्यातलं बाळ आता मिशा पिळत फिरत होतं. गावच्या पैलवानानं जुना लंगोट दिला आणि तो घेताना धुरपेनं तोंड फिरवलं. पाटलानं एक फाटकी सतरंजी पुढे केली, तेव्हा आतून पाटलीणबाईंचा आवाज आला, “हे काय कुत्र्याला घालताय?” आणि त्यांनी आपल्या लग्नातला शेला आणून बोचक्यावर ठेवला. मोहोळकरांनी पेटीच्या तळातून एक मऊ, विटकी शाल काढली. ती त्यांच्या आईची होती. ती देताना ते शिंकले नाहीत.

आणि इथूनच नवल सुरू होतं. बायका वळणावर कातळांवर बसून कापडं जोडू लागल्या, लांबच लांब वाकळा शिवू लागल्या, आणि बोचकं काही रिकामं होईना. हात घालावा आणि कापड निघावं. ज्यांची माणसं कधीच गेली होती, त्यांची कापडं निघू लागली. एका बाईच्या हाती तिच्या पणजीचं लुगडं आलं, ते तिनं पणजीबरोबर सरणावर गेलेलं पाहिलं होतं. ती ओरडली नाही. तिनं ते डोळ्यांना लावलं आणि जोडलं. धुरपेनं प्रत्येक वाकळेच्या घडीत वाळ्याची रोपं ठेवली. वाळा म्हणजे ते सुगंधी मुळ्यांचं गवत, उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तेच. मोहोळकरांनी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, “कापड कुजंल, साहेब. मंग कुनी तरी धरून ठेवाया नगं का?”

भिंत चढू लागली. ठोकळ्यांची एक ओळ, तिच्या मागे पाणी झिरपायला खडी, खडीच्या मागे माती, मातीवर डोंगराच्या पोटापर्यंत गेलेली वाकळ, तिच्यावर पुन्हा माती. मग ती माती पाणी मारून, धुमसानं ठोकून, पायांनी तुडवून घट्ट करायची. साहेब पुन्हा पुन्हा बजावत, “दाबा. माती दाबल्याशिवाय ती कापडाला धरणार नाही.” आणि ते खाली नदीवर ठोकळ्यांचे साचे बघायला जात.

आणि इथे आमच्या लोकांनी अशी चूक केली, जी दुसऱ्या कुठल्याही गावानं केली नसती, किंवा मग आपल्या सगळ्याच गावांनी केली असती. माती कुणी दाबलीच नाही. कशी दाबणार? खाली आईचं लुगडं होतं. बापाचा पटका होता, माणूस बापाच्या पटक्याला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतो. तिथे धुमस कोण घालणार? लोकांनी माती हलक्या हातानं पसरली, पोराला थोपटावं तशी थोपटली, वरून फूल वाहिलं आणि पुढची वाकळ घातली. साहेबांना कुणी काही बोललं नाही. दिसायला भिंत झकास दिसत होती.

मग वैशाखात एक वळीव आला. आला आणि गेला. पण सकाळी बघतात तर भिंतीला पोट आलेलं. मधले ठोकळे पुढे आले होते आणि फटींतून लाल पाणी गळत होतं. मोहोळकरांनी वरची माती उकरली, बोटानं दाबून बघितली आणि बोट आतवर गेलं.

ते चिडले नाहीत. मटकन खाली बसले. “अहो, सांगितलं होतं ना मी,” एवढंच म्हणाले.

पाटील म्हणाला, “साहेब, कसा द्यावा पाय? तुमीच सांगा.”

मोहोळकर उठले, बूट काढले, मोजे काढले. “हे बघा, असा द्यायचा.” त्यांनी पाय उचलला आणि खाली बघितलं. उकरलेल्या मातीतून त्यांच्या आईच्या शालीची कड वर आली होती. साहेबांचा पाय तसाच अधांतरी राहिला. मग तो त्यांनी हळूच मागे घेतला आणि बूट हातात धरून बाजूला जाऊन उभे राहिले. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणीही हसलं नाही.

पुन्हा भरायची म्हणून भिंत तळापर्यंत उकलली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता झालं, यंदाही वळण जाणार. धुरपा ते ऐकून घराकडे चालू लागली. लोकांना वाटलं, तीही थकली. पण ती परत आली आणि तिच्या खांद्यावर सिदबाचं काळं घोंगडं होतं.

सगळे थर उकलून झाले होते. तिनं ते घोंगडं सगळ्यांत खालच्या मातीवर अंथरलं. एक टोक ठोकळ्यांच्या फटीत सरकवलं, बाकीचं डोंगराच्या पोटाकडे नीट पसरलं, सुरकुती काढली. रोज अंथरूण घालायची तसंच. वर ओंजळ ओंजळ माती टाकली. मग ती त्यावर उभी राहिली.

“अवो,” ती म्हणाली, त्या काळी बाई नवऱ्याचं नाव कुठे घ्यायची, “अवो, पाय लागतोय, रागावू नगा. लेक यायचीया आपली.”

आणि तिनं पाय आपटला.

एकदा, पुन्हा एकदा. मग दोन्ही हात पसरून ती एकटीच फुगडीचा ठेका धरू लागली आणि तोंडानं गुणगुणू लागली, “थरावर थर गं, माहेरी माझं घर गं.” पन्नाशी उलटलेली बाई, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पाय ठेक्यात पडताहेत. पाटलीणबाई पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी तिचे हात धरले. मग दुसरी आली, तिसरी आली. पंचमीला वडाखाली रंगायचा तो झिम्मा भर वैशाखात वळणावर रंगला. पुरुष बघत राहिले, मग त्यांनी देवळातल्या लेझमी आणल्या, हलगी आणली. खंडू गुरवसुद्धा नाचला, आणि मोहोळकर अनवाणी, टोप तिरका झालेला, आईच्या शालीवर असे काही नाचले की त्यांची सर्दीच गेली, असं म्हणतात.

असा एकेक थर. माती टाकायची, पाणी शिंपायचं, नाचायचं. रोज संध्याकाळ होईपर्यंत वळणावर पाय वाजत राहायचे. खाली रानात गुरं चरता चरता थांबून ऐकायची. मृगाच्या आत भिंत पुरी झाली. साहेब बोटानं माती दाबायला गेले आणि बोट दुखलं म्हणून हसत सुटले.

मग पाऊस लागला. पहिल्याच झडीत सगळा गाव छत्र्या-इरली घेऊन वळणावर गेला आणि लांब उभा राहिला. डोंगर हलला. होय, हलला, सगळ्यांनी पाहिलं. खांदा उडवावा तसा त्याचा माथा किंचित हलला, वरून चार धोंडे घरंगळले. भिंतीतून कुरकुर आवाज आला, नवी दोरी ताणल्यासारखा. मग डोंगरानं सावकाश कूस बदलली, पांघरूण वर ओढून घेतलं आणि तो निजला. असं म्हणतात. इतक्या वर्षांत त्याला कुणी घोरताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं, आणि पाटलीणबाई म्हणाल्या, “हा बी ह्यांच्यासारखाच.”

आषाढात कातळवाडीला हौसाची ओटी भरली आणि तिला डोलीत घालून चार भोई निघाले. बरोबर नवरा होता. खिंड ओलांडली तेव्हा पाऊस असा पडत होता की मागच्या भोयाला पुढचा दिसत नव्हता. आणि खिंडीखाली, भर दुपारी, हौसाच्या पोटात कळ उठली. सातवा महिना, अजून वेळ होता, पण वेळ कुणाला विचारून येते? वळणावर येईपर्यंत तिला डोलीत बसवेना. भोयांनी डोली भिंतीच्या कडेला टेकवली, एक जण गावाकडे पळत सुटला आणि हौसा ठोकळ्यांना पाठ लावून बसली.

ती पुढे सांगायची, पाठ लावली तर ठोकळे गरम होते. चुलीजवळची भिंत असते तसे गरम. आणि त्या धुवांधार पावसात भिंतीच्या कुशीत एक थेंब पडत नव्हता.

धुरपा गावातून धावत आली. तिच्यामागे पाटलीणबाई, त्यांच्यामागे निम्मा गाव. पुरुष पाठ फिरवून, इरली धरून उभे राहिले. बाळ झालं. मुलगी होती, मुठीएवढी, निळसर, आणि रडत नव्हती. तिला ऊब हवी होती. लगेच हवी होती, नाहीतर काही खरं नव्हतं. आणि ऊब द्यायला कापड कुठे होतं? हौसाचं ओटीचं हिरवं लुगडं चिंब. धुरपेच्या अंगावरचं चिंब. साऱ्या गावाचं जे कोरडं, जुनं, मऊ असं होतं, ते सगळं भिंतीत गेलेलं.

धुरपा बाळाला छातीशी धरून इकडेतिकडे बघू लागली. तेव्हा तिला सगळ्यांत खालच्या ओळीत, दोन ठोकळ्यांच्या फटीत, घोंगड्याचं काळं टोक दिसलं. तिनं हात घातला. आतलं टोक कोरडं होतं, आणि ऊबदार.

“नको, धुरपाआई, ओढू नका!” गावाबरोबर आलेले मोहोळकर ओरडले. त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यांत खालचा थर ओढला तर वरचं सगळं येतं, हे कुठल्याही ओव्हरसियरला कळतं. वर सगळा डोंगर होता आणि खाली तिची लेक आणि नात.

धुरपेनं डोंगराकडे वर पाहिलं. “अवो,” ती म्हणाली, “लेक आलीया. द्या.”

आणि ओढलं. घोंगडं सरसर बाहेर आलं, पेटीतून काढावं तसं. कोरडं ठणठणीत, मातीचा कणसुद्धा न लागलेलं, आणि कुणाच्या तरी अंगावरून आत्ताच काढल्यासारखं गरम. भिंत जागची हलली नाही. वरून एक खडासुद्धा पडला नाही. तिनं बाळाला त्यात गुंडाळलं आणि बाळ रडलं. त्या रडण्याइतका गोड आवाज तळकोंडात तोवर कुणी ऐकला नव्हता, असं म्हणतात. मोहोळकरांनी टोप काढून छातीशी धरला. भिंत का पडली नाही, ते त्यांना कधी सांगता आलं नाही, आणि त्यांनी कधी शोधलंही नाही.

त्या बाळाचं नाव वळणाबाई ठेवायचं चाललं होतं, पण हौसानं ठेवू दिलं नाही, देवाची कृपा. नाव यमुना ठेवलं. यमुना मोठी झाली आणि लग्न होऊन तळकोंडातच आली. ती माझी आई. आणि माझी आजी म्हणजे हौसा. आता कळलं, मी या गोष्टीत मीठमसाला का लावू देत नाही? आहे तेवढाच पुरे आहे.

धुरपा पुढे पुष्कळ वर्षं जगली. खूप म्हातारी झाल्यावर एका शांत दुपारी ती दाभण-दोरा घेऊन घराबाहेर पडली. तेव्हा माहेरी आलेल्या हौसानं विचारलं, “कुठं निगालीस आये?” तर म्हणाली, “एक टाका ऱ्हायलाय.” ती वळणाकडे गेली आणि परत आली नाही. लोक शोधायला गेले तेव्हा त्या रिकाम्या फटीत दाभण खोचलेलं होतं आणि त्याचा दोरा आत, खोल आत, गेलेला होता. पाटलीणबाईंनी तो जरासा ओढून पाहिला. आतून कुणीतरी हळूच परत ओढला, असं म्हणतात. कुणी रडलं नाही. दोघं एका पांघरुणात गेली, एवढंच लोक म्हणाले.

त्या दिवसापासून डोंगराला निजता डोंगर म्हणतात. आतली कापडं कधीच माती झाली असतील, पण वाळ्याच्या मुळ्या त्यांच्या जागी विणल्या गेल्या आहेत. भर उन्हात वळणावर थांबलात तर भिंतीला माठातल्या पाण्याचा वास येतो. हे तर कुणीही जाऊन बघावं.

परवा सडक रुंद झाली. जुनी भिंत तशीच ठेवून दोन्ही अंगांनी नवी वाढवली. आता ठोकळे कारखान्यातून येतात आणि थरांमध्ये काळी प्लास्टिकची जाळी घालतात. बांधायला एक तरणीताठी इंजिनियरबाई आली होती. पहिली जाळी अंथरली तेव्हा गावातल्या बाया आपापली लुगडी, साड्या, ओढण्या घेऊन आल्या आणि त्यांनी त्या जाळीवर घातल्या. इंजिनियरबाई म्हणाली, मावशी, याची गरज नाही. बाया म्हणाल्या, तुला नसंल. मग तिनं काय केलं माहीत आहे? गळ्यातली ओढणी काढून वर ठेवली, बूट काढले आणि रोलर यायच्या आधी बायांबरोबर झिम्मा खेळली.

जुन्या भिंतीतली ती फट मात्र कुणी बुजवत नाही. तळकोंडात बाळ जन्मलं की त्याची पहिली वाकळ आधी तिथे नेतात, तिचं टोक त्या फटीत घालून काढतात आणि मग बाळाला पांघरतात. आणि पहिल्या बाळंतपणाला येणारी लेक, मग ती जीपमधून येवो की एसटीतून, वळणावर उतरते. पाऊस असो, चिखल असो, डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं असो. ड्रायव्हर न सांगता गाडी थांबवतो. ती चपला काढते, भिंतीला पाठ लावते, ऊब लागेपर्यंत थांबते. मग एक पाय हलकेच आपटते आणि म्हणते,

“धुरपाआई, पाय लागतोय, रागावू नगंस. लेक आलीया.”